तपासून परत आलेला कागद

दिवाळीच्या सुटीत हा अंक वाचकांच्या हाती पडेल, त्या वेळी ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या शहरांतील असंख्य घरांमध्ये दहावीच्या सहामाही परीक्षेचे निकाल नुकतेच लागलेले असतील. फराळाला आलेल्या पाहुण्यांपैकी कोणी ना कोणी ‘मग, किती पडले?’ असे विचारलेले असेल. आणि डोंबिवलीच्या फडके रोडवरच्या दिवाळी पहाटेच्या गर्दीत नवे कपडे घालून मिसळलेल्या एखाद्या मुलाच्या मनाच्या कोपऱ्यात तो प्रश्न दिवसभर सलत राहिलेला असेल. त्यानंतर दोन-तीन महिन्यांत, संक्रांतीच्या आगेमागे, पूर्वपरीक्षा येते. मुले तिला ‘प्रिलिम’ म्हणतात. ‘पुन्हा उभे राहणे’ हा विषय संपादकांनी या अंकासाठी ठरविला, तेव्हा मोठ्या माणसांच्या मोठ्या पराभवांकडे न वळता या लहान, दरवर्षी घडणाऱ्या आणि म्हणूनच कोणाच्याही दप्तरी नोंद नसलेल्या पराभवाकडे पाहावे असे मला वाटले, आणि त्या हेतूने मी या शहरांतील शाळा, अभ्यासिका आणि काही घरे पाहिली.

जानेवारीचा शिरस्ता

पूर्वपरीक्षेतील एकही गुण महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या गुणपत्रकात जमा होत नाही. तरीही तिची मांडणी हुबेहूब मंडळाच्या परीक्षेसारखी असते, आणि तशी ती असावी यातच तिचे प्रयोजन आहे. भाषांचा लेखी पेपर ८० गुणांचा, गणिताचे दोन भाग प्रत्येकी ४० गुणांचे व दोन-दोन तासांचे, विज्ञानाचेही तसेच दोन भाग, इतिहास-राज्यशास्त्र आणि भूगोल प्रत्येकी ४०; उरलेले २० गुण तोंडी, प्रात्यक्षिक आणि अंतर्गत मूल्यमापनाचे. बाकांवर बैठक क्रमांक चिकटविले जातात, दर अर्ध्या तासाला घंटा होते, पुरवण्या मागून घ्याव्या लागतात आणि शेवटी त्या दोऱ्याने बांधून द्याव्या लागतात. पुरवणी बांधण्यात जाणारी दोन मिनिटे कोठून काढायची, हेसुद्धा मुलाला याच परीक्षेत प्रथम कळते.

अनेक शाळांत या उत्तरपत्रिका मुद्दाम कडक हाताने तपासल्या जातात. मुलांनी गाफील राहू नये, हा त्यामागील हेतू शिक्षक उघडपणे सांगतात. हेतू प्रामाणिक आहे याबद्दल मला शंका नाही. परंतु कडक तपासणीचा लाभ ज्याला व्हायचा त्याला ती कशी केली गेली हे समजावून सांगितले तरच तो होतो, आणि नेमक्या त्याच कामासाठी जानेवारीत कोणाकडे वेळ उरत नाही. एका शिक्षिकेकडे दोन-तीन तुकड्या, प्रत्येक तुकडीत पन्नास-साठ मुले, आणि पुढे लगोलग प्रात्यक्षिके व मंडळाच्या परीक्षांचा बंदोबस्त. २०२५ साली बारावीची लेखी परीक्षा ११ फेब्रुवारीला आणि दहावीची २१ फेब्रुवारीला सुरू झाली. पूर्वी मार्चपर्यंत मिळणारी उसंतही त्यामुळे आखडली आहे, आणि जानेवारीच्या मध्यास संपलेल्या पूर्वपरीक्षेनंतर मुलाच्या हातात उरतात ते जेमतेम पाच आठवडे.

डोंबिवलीच्या एका मराठी शाळेत उत्तरपत्रिकांचे वाटप चालू असताना मी मागच्या बाकावर बसून होतो. नाव पुकारले की मूल उठते, कागद घेते आणि जागेवर पोचण्यापूर्वीच पहिल्या पानावरील लाल वर्तुळातला आकडा पाहून घेते. मग दुसरे काम सुरू होते: प्रश्ननिहाय गुणांची बेरीज पुन्हा करून पाहणे. एखाद्याला बेरजेत सुटलेला अर्धा गुण सापडतो, तो धावत बाईंकडे जातो आणि वाढवून घेतो. तिसरे काम म्हणजे शेजाऱ्याचा आकडा. हे तिन्ही आटोपल्यावर कागदाची उभी घडी होते. आतल्या पानांवर बाईंनी समासात लिहिलेले शब्द, अधोरेखित केलेल्या ओळी, प्रश्नचिन्हे, यांच्याकडे वर्गातील फार थोड्या मुलांची नजर गेली. उद्या पालकांची सही घेऊन या, एवढी सूचना झाली आणि तास संपला.

घरी पोचणारा आकडा

या शहरांच्या दिनक्रमाचा विचार केल्याशिवाय त्या सहीची कथा कळावयाची नाही. येथील बहुसंख्य नोकरदार आईबाप सकाळी सातच्या सुमारास लोकलच्या गर्दीत शिरतात आणि रात्री आठ-नऊला थकून परततात. मुलाशी सलग बोलण्याची वेळ म्हणजे रात्रीचे जेवण, आणि तोवर आकडा पालकांच्या व्हॉट्सअॅप गटातून कधीच पोचलेला असतो. काही खासगी क्लासेसमध्ये तर पूर्वपरीक्षेच्या गुणांवरून मुलांच्या बॅचेस नव्याने लावल्या जातात. काल ज्या मित्राशेजारी बसून गणिते सोडविली, त्याच्यापासून आज वेगळे व्हावे लागते, आणि तेही सर्वांच्या देखत. मग घरात फर्माने सुटतात: मोबाइल कपाटात, मैदान बंद, मामाच्या मुलाच्या लग्नाला जाणे रद्द. या साऱ्यामागे माया आहे, भीतीही आहे. मुंबई महानगर प्रदेशात अकरावीचे प्रवेश बरीच वर्षे केंद्रीय पद्धतीने, गुणांच्या क्रमाने होत आले आहेत, आणि मनाजोगते महाविद्यालय एखाद्या टक्क्याने हुकल्याची उदाहरणे प्रत्येक इमारतीत आहेत. राज्याचा दहावीचा निकाल २०२५ मध्ये ९४.१० टक्के लागला. परंतु ‘पास तर सगळेच होतात’ या वाक्याने येथे कोणाचेच समाधान होत नाही, उलट कमी गुण मिळविणाऱ्याचे एकाकीपण वाढते.

या एकाकीपणाचा शास्त्रशुद्ध विचार करणारी एक संस्था ठाण्यातच उभी आहे. मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली येथे ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ स्थापन केली, आणि मानसोपचार म्हणजे केवळ गंभीर आजाराचा इलाज नसून रोजच्या जगण्यातले शहाणपण आहे, ही भूमिका व्याख्याने, पुस्तके आणि ‘वेध’सारख्या विद्यार्थी-परिषदांतून मराठी घरांत रुजविली. त्यांच्या ‘स्वभाव-विभाव’ या पुस्तकाचा पाया अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची विवेकनिष्ठ उपचारपद्धती हा आहे. एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेला विचार असा की, घटना माणसाला थेट दुःखी करीत नाही; घटना आणि भावना यांच्या मध्ये एक विचार उभा असतो, आणि तो विचार हट्टाचा असला की भावना विध्वंसक होते.

गणितात चाळीसपैकी तेरा गुण मिळाले, ही घटना. ‘मला चांगले गुण हवे होते, ते मिळाले नाहीत’ हा विचार मुलाला खिन्न करील, पण अभ्यासाच्या टेबलाशीही नेईल. ‘मला चांगले गुण मिळालेच पाहिजे होते, ज्या अर्थी ते मिळाले नाहीत त्या अर्थी मी कुचकामी आहे’ हा विचार मात्र त्याला पांघरुणात तोंड खुपसून पडायला लावील. यातील महत्त्वाचा भाग पालकांच्या लक्षात येत नाही तो हा, की पहिली खिन्नता निरोगी आहे. ‘त्यात काय एवढे, सरावच तर होता’ असे म्हणून ती पुसून टाकण्याची घाई करू नये. मुलाने महिनाभर जागून केलेले श्रम फुकट गेल्यासारखे वाटणे खरे आहे. एक संध्याकाळ त्याला वाईट वाटू द्यावे, शेजारी बसावे, आणि प्रतवारीची भाषा घरात शिरू देऊ नये. ‘तेरा गुण मिळाले’ आणि ‘तू तेरा गुणांचा’ या दोन वाक्यांतला फरक पंधरा वर्षांच्या मुलाला अचूक ऐकू येतो.

एका ऋण चिन्हाचा प्रवास

पण सांत्वन म्हणजे सावरणे नव्हे. मूल सावरते ते कागद उघडून, आणि ते कसे घडते हे मला कल्याणच्या एका शाळेत, शाळा सुटल्यानंतर रिकाम्या झालेल्या वर्गात पाहायला मिळाले. चाळीसपैकी तेरा गुण मिळालेला मुलगा आणि त्याच्या गणिताच्या बाई एका बाकावर शेजारी-शेजारी बसल्या होत्या. बाईंनी उत्तरे सांगितली नाहीत. त्यांनी त्याला त्याचेच लेखन मोठ्याने वाचायला सांगितले.

गणित वर्गसमीकरणाचे, सूत्राचा उपयोग करून सोडवायचे होते: क्ष वर्ग, वजा पंधरा क्ष, अधिक चौपन्न, बरोबर शून्य. मुलाने सहगुणक बरोबर लिहिले होते. विवेचक काढताना मात्र ऋण पंधराचा वर्ग त्याने ऋण दोनशे पंचवीस लिहिला. त्यातून चार गुणिले चौपन्न, म्हणजे दोनशे सोळा, वजा करून ऋण चारशे एक्केचाळीस आणले. आणि खाली स्वच्छ अक्षरात निष्कर्ष लिहिला की विवेचक ऋण आहे, म्हणून वास्तव मुळे नाहीत. तीन गुणांपैकी हाती आला एक. वाचता वाचता तो दुसऱ्या ओळीवर थांबला. ‘बाई, इथे अधिक येईल.’ बाईंनी कोरा कागद पुढे सरकविला. दोनशे पंचवीसमधून दोनशे सोळा गेले, नऊ उरले, त्याचे वर्गमूळ तीन; पंधरात तीन मिळवून अर्धे केले तर नऊ, वजा करून अर्धे केले तर सहा. उत्तर दोन मिनिटांत आले. मग बाईंनी त्याला एक गोष्ट दाखविली, जी त्याला लाल शाईत दिसणे शक्य नव्हते: चुकीच्या पायरीनंतर त्याने केलेले सारे तर्क निर्दोष होते. विवेचक खरोखरच ऋण असता तर त्याचा निष्कर्ष बरोबर ठरला असता. त्याला वर्गसमीकरण येत होते; ऋण संख्येचा वर्ग करताना हात घसरत होता.

भूमितीच्या पेपरात निर्देशकांवरून अंतर काढतानाही ऋण तीन वजा करताना तोच घोळ झालेला निघाला. त्रिकोणमितीचे शेवटचे गणित त्याने सोडविलेच नव्हते. येत नव्हते का, असे विचारता वेळ संपला म्हणाला. आणि वेळ का संपला, तर वर्तुळावरच्या एका प्रमेयाच्या सिद्धतेत, जी त्याला अर्धवट पाठ होती, तो वीस मिनिटे अडकून बसला होता. तासाभराच्या त्या बैठकीत ‘माझे गणित कच्चे आहे’ या एका अवजड वाक्याचे तीन सुटसुटीत तपशील झाले: ऋण चिन्हाचा सराव, एका सिद्धतेचे पाठांतर सोडून तिचा अर्थ समजून घेणे, आणि अडलेला प्रश्न सोडून पुढे जाण्याची शिस्त. वर्गसमीकरण आणि त्रिकोणमिती पुन्हा पहिल्या पानापासून शिकण्याचे जे ओझे त्याने आदल्या रात्री मनाशी बांधले होते, ते उतरले.

भूगोलाचा प्रकार याहून वेगळा होता. दहावीच्या भूगोलात भारत आणि ब्राझील यांचा तौलनिक अभ्यास आहे. अनेक मुले तुलनेच्या प्रश्नाला भारताविषयी पानभर अचूक माहिती लिहितात आणि ब्राझीलला विसरतात, किंवा दोन्ही देशांबद्दल लिहितात पण फरक सांगत नाहीत. येथे अज्ञान नाही. प्रश्न पुरता वाचलेला नाही. अशा मुलाला ‘भूगोल पुन्हा वाच’ असा सल्ला देणे म्हणजे त्याचे पंधरा दिवस वाया घालविणे होय. त्याने पुस्तक बाजूला ठेवून दहा प्रश्नपत्रिका घ्याव्यात आणि प्रत्येक प्रश्नात नेमके काय मागितले आहे एवढेच अधोरेखित करावे.

वाचणे आणि आठवणे

हे सारे केवळ अनुभवी शिक्षिकेच्या हातोटीवर अवलंबून नाही. त्याला प्रयोगांचा आधार आहे. अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिक या संशोधकांनी २००६ साली विद्यार्थ्यांना एक गद्य उतारा दिला. काहींनी तो चारही खेपांना वाचला. काहींनी एकदा वाचून पुढील तीन खेपांना, पुस्तक मिटून, आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हापुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर चित्र उलटले: आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के मजकूर आठवला, वाचणाऱ्यांना सुमारे ४०. म्हणजे सराव परीक्षा ही ज्ञान मोजण्याची पट्टी तर आहेच, पण ते पक्के करण्याची क्रियाही आहे; ज्या मुलाला कमी गुण मिळाले त्यालाही परीक्षा देण्यापासून लाभ झालेला असतो, फक्त चूक दुरुस्त करून तो पदरात पाडून घ्यावा लागतो. निराश झालेले मूल नेमके याच्या उलट करते. ते परीक्षेच्या वाटेला जाणे टाळते आणि रंगीत पेनाने खुणा करीत पाठ्यपुस्तक वाचत बसते, कारण वाचताना सारे येते असे वाटते आणि मनाला बरे वाटते.

दुसरा प्रयोग रूथ बटलर यांचा, १९८८ सालचा, इस्रायलमधील पाचवी-सहावीच्या मुलांवर केलेला. काही मुलांना कामाबद्दल केवळ लेखी अभिप्राय दिला, काहींना केवळ गुण दिले, आणि काहींना गुण व अभिप्राय दोन्ही दिले. केवळ अभिप्राय मिळालेल्यांची गोडी आणि कामगिरी टिकून राहिली. दोन्ही मिळालेल्यांची अवस्था मात्र केवळ गुण मिळालेल्यांसारखीच खालावली. आकड्यापुढे अभिप्राय निष्प्रभ ठरला. डोंबिवलीच्या त्या वर्गात लाल वर्तुळ पाहून झालेली उभी घडी मला हा प्रयोग वाचताना पुन्हा दिसली.

बसायला जागा

पाच आठवडे हाती आहेत, काय करायचे तेही कळले आहे. मग प्रश्न येतो जागेचा. ठाण्याच्या किसननगरातील किंवा कल्याणच्या जुन्या चाळीतील एका खोलीत पाच माणसे, दूरदर्शन संच आणि स्वयंपाक यांच्या सोबतीने तीन तासांची प्रश्नपत्रिका वेळ लावून सोडविता येत नाही. गुण कमी पडण्याचे हे कारण कोणत्याही गुणपत्रकात लिहिलेले नसते. या शहरांना ग्रंथालयांची थोर परंपरा आहे: कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. त्यांच्याशिवाय महापालिकांच्या, मंडळांच्या आणि पैसे घेऊन चालविल्या जाणाऱ्या अभ्यासिका वस्तोवस्ती आहेत. तेथे बहुतेक खुर्च्या स्पर्धा परीक्षांच्या उमेदवारांनी व्यापलेल्या असतात.

त्या उमेदवारांकडून दहावीच्या मुलाने आणि त्याच्या पालकांनी एक गोष्ट अवश्य पाहावी. ठाणे महापालिकेने चिंतामणराव देशमुखांच्या नावे १९८७ साली प्रशासकीय प्रशिक्षण संस्था काढली, आणि तेव्हापासून लोकसेवा आयोगाच्या परीक्षांची तयारी करणारा एक वर्ग या शहरात घडत आला. हे तरुण ‘टेस्ट सिरीज’ लावतात. पदरचे पैसे भरून उत्तरे लिहितात, ती तपासून घेतात, आणि उत्तरपत्रिका परत आली की आकड्यावर क्षणभर नजर टाकून थेट शेऱ्यांकडे वळतात; प्रस्तावना लांबली, उदाहरण नाही, प्रश्नाचा दुसरा भाग सुटला. कमी गुण पडले म्हणून त्यांना कोणी घरी कोंडून ठेवीत नाही. आपले दोष कोणीतरी दाखवावेत यासाठी जो प्रौढ माणूस शुल्क भरतो, त्याच्याच घरातील पंधरा वर्षांच्या भावंडाला त्याच दोषांबद्दल शिक्षा मिळते, ही विसंगती दूर होण्यासारखी आहे.

ठाण्यातील समता विचार प्रसारक संस्था ‘एकलव्य’ पुरस्कार देते, तेही या संदर्भात मला मोलाचे वाटते. प्रतिकूल परिस्थितीत, कष्टकरी वस्तीत राहून दहावी उत्तीर्ण झालेल्या मुलांचा तेथे सत्कार होतो. टक्केवारीच्या शिखराऐवजी चाललेले अंतर मोजले जाते.

पडले तरी

मंडळाच्या नियमांतही सावरायला वाव ठेवलेला आहे, आणि तो जानेवारीतच मुलाला समजावून सांगितला पाहिजे. सहा विषयांपैकी सर्वोत्तम पाच विषयांच्या गुणांवर टक्केवारी निघते. दोन विषयांत अनुत्तीर्ण झालेल्यालाही अकरावीत तात्पुरता प्रवेश मिळू शकतो. २०१५ पासून फेरपरीक्षा त्याच वर्षी जुलैच्या सुमारास होते, त्यामुळे पूर्वीसारखे वर्ष वाया जात नाही. एकाच वर्षी मात्र सरावाला सराव म्हणून राहता आले नाही. २०२१ मध्ये महामारीमुळे दहावीची परीक्षा रद्द झाली. नववीचा निकाल, दहावीतील चाचण्या आणि अंतर्गत गुण यांवरून निकाल लावला गेला आणि तो ९९.९५ टक्के लागला. पुढे सुधारू अशा भरवशावर ज्यांनी वर्षभरात चुका केल्या होत्या, त्यांच्या त्या चुका अंतिम निकालात कायम झाल्या. सरावाची चूक फुकट मिळते ही किती मोठी सवलत आहे, हे त्या वर्षीच्या मुलांना विचारावे.

एक गोष्ट पालकांना स्पष्टपणे सांगितली पाहिजे. निकालानंतर मूल जेवेनासे झाले, मित्रांना भेटेनासे झाले, किंवा जगण्यात अर्थ नाही अशा तऱ्हेचे बोलू लागले, तर अभ्यासाचा विषय त्या क्षणी बाजूला ठेवावा आणि त्याला सरळ, न घाबरता विचारावे. विचारल्याने तसले विचार बळावत नाहीत. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही विनामूल्य सेवा २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही, मराठीतही बोलता येते.

मंडळाच्या परीक्षेची उत्तरपत्रिका मुलाला पाहायची झाली तर निकालानंतर अर्ज करून, शुल्क भरून छायाप्रत मागवावी लागते, आणि तोवर चूक दुरुस्त करण्याची मुदत टळलेली असते. दहावीच्या वर्षात लेखी काम तपासून, वेळेवर, विनामूल्य परत येते ते केवळ शाळेच्या परीक्षांत. म्हणून ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीतील मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे: येत्या जानेवारीत पूर्वपरीक्षेच्या उत्तरपत्रिका आठ दिवसांत परत द्याव्यात, पहिल्या पानावर आकडा न घालता, समासातील शेऱ्यांसह द्याव्यात, मुलांनी आपल्या चुका स्वतः शोधून दुसऱ्या कागदावर दुरुस्त करून आणाव्यात, आणि त्यानंतर दोन दिवसांनी गुण सांगावेत. यासाठी शासनाच्या परवानगीची गरज नाही, खर्चही नाही. शिक्षकांना त्या आठवड्यापुरते इतर कामांतून मोकळे करावे लागेल, तेवढे मात्र शाळांनी करावेच.